रंगमंचावरच्या भयपटांत रंगमंच केवळ नेपथ्यापुरता नसतो

सोलापुरातील हौशी नाट्यकर्मींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून गेले काही दिवस एक मजकूर फिरतो आहे आणि जाणत्या मंडळींनीही तो संमतीने पुढे पाठवला आहे. नाटक, नाट्यगृह आणि नट यांच्याभोवती रचलेल्या भयपटांविषयी त्यात चार विधाने आहेत. हे सगळे चित्रपट एकाच गोष्टीच्या नकला आहेत. त्यांत रंगमंच नेपथ्यापुरता असतो, कारण नाटक खोटे आहे हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्याची भीती वाटूच शकत नाही. हे चित्रपट रंगभूमीची बदनामी करतात. आणि हा प्रकार परका असल्याने आपल्याकडे रुजला नाही, सबब हौशी संस्थांनी तो नव्या मुलांना दाखवू नये. मी याच शहरात नाटक करतो आणि हे चित्रपट मनापासून पाहतो. मला ही चारही विधाने चुकीची वाटतात, त्यातही दुसरे सर्वांत घातक वाटते.

नकलांचा आरोप ज्या मूळ कृतीकडे बोट दाखवतो ती म्हणजे लॉन चेनीचा १९२५ चा ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हा मूकपट. गॅस्तों लरूच्या कादंबरीवरून तो घेतलेला आहे. त्यातले कोसळणारे झुंबर अनेकांनी उचलले हे खरे; पण मुळात ते हवेतून आलेले नाही. पॅरिसच्या ऑपेरागृहात १८९६ मध्ये प्रयोग चालू असताना झुंबराला तोलणारे वजन निसटून खाली पडले आणि एक प्रेक्षक स्त्री दगावली. त्या इमारतीच्या तळघरात पाण्याचे टाकेही खरोखरच आहे. पुढे १९३७ मध्ये शांघायमध्ये याच कथासूत्रावर ‘साँग ॲट मिडनाइट’ निघाला, तेव्हा विद्रूप झालेला गायक क्रांतिकारक झाला आणि आपले गाणे एका तरुण नटाच्या गळ्यातून पुढे जावे ही त्याची तळमळ चित्रपटाचा गाभा झाली. १९७३ च्या ‘थिएटर ऑफ ब्लड’मध्ये तर ना झुंबर आहे ना तळघरातले भूत. व्हिन्सेंट प्राइसने साकारलेला अपमानित नट आपल्या समीक्षकांना शेक्सपिअरच्या नाटकांतल्या मरणांनी मारतो, म्हणजे तिथे संहिता हेच शस्त्र आहे. या तिन्हींना एकच गोष्ट म्हणणे हा उतावळेपणा आहे.

आता दुसरे विधान. नाटक खोटे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, हे मला पूर्ण मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की या चित्रपटांतली भीती नेमकी त्या ठाऊक असण्यातूनच जन्माला येते. मिशेले सोआवी या इटालियन दिग्दर्शकाच्या १९८७ च्या ‘डेलिरिया’मधला तालमीचा प्रसंग पाहा. एक नाटकमंडळी खुन्यावरच्या नाटकाची तालीम करते आहे. दाराला आतून कुलूप आहे आणि किल्ली कुठे ठेवली आहे हे फक्त एका नटीला माहीत आहे. घुबडाचा मुखवटा घातलेला नट मंचावर येतो आणि दिग्दर्शक त्याला खालून सूचना देत राहतो. मुखवट्याच्या आत आपला नट नसून खरा खुनी आहे हे कोणालाच कळलेले नसते. त्याच नटीचा खून सर्वांच्या डोळ्यांदेखत होतो, आणि काही क्षण सगळे तिच्या ओरडण्याकडे अभिनय म्हणून पाहत राहतात. ती गेल्यावर किल्लीचा ठावठिकाणाही जातो. हा प्रसंग जंगलात, वाड्यात किंवा दवाखान्यात घडवता येणार नाही, कारण समोर माणूस किंचाळत असताना शांतपणे पाहत बसावे असा करार जगात फक्त रंगमंचासमोर होतो.

हा करार मोडला तर काय होते, याची उदाहरणे पडद्याबाहेरही आहेत. १६७३ मध्ये मोलिएर स्वतःच लिहिलेल्या नाटकात आजारपणाच्या भ्रमाने पछाडलेल्या माणसाची भूमिका करत असताना मंचावरच खरोखर कोसळला. त्याने प्रयोग कसाबसा पुरा केला आणि त्याच रात्री तो वारला. इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. आपल्या गल्लीत कडकलक्ष्मी येते, पोतराज अंगावर आसूड ओढतो, तेव्हा तो खेळ आहे हे दारात उभ्या असलेल्या सर्वांना कळते. वळ मात्र खरा उठतो, आणि लहान मूल आईच्या पदराआड जाते ते त्या दोहोंतले अंतर त्याला मोजता येत नाही म्हणून. ‘ब्लॅक स्वान’मधली नर्तकी हेच अंतर स्वतःच्या आत हरवून बसते आणि जखमी अवस्थेत नाच शेवटापर्यंत नेते. भूमिकेत शिरणे ही ज्या कलेची मागणी आहे, त्या कलेला बाहेर न येता येण्याची भीती असणारच.

बदनामीच्या आरोपाला फार वेळ देण्याची गरज वाटत नाही. ‘डेलिरिया’त दाराला कुलूप लावणारा दिग्दर्शक खुनाच्या बातमीतून नाटकाची जाहिरात करू पाहतो. चित्रपट बोट ठेवतो ते त्या हावेवर, नाट्यकलेवर नव्हे. बंद दाराची भीतीही कल्पित नाही: ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहाला दुपारच्या खेळात आग लागली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली, कारण कित्येक दारे कुलूपबंद होती किंवा लोकांना उघडता येईनात. अर्थात सुमार चित्रपट भरपूर आहेत. २०१५ च्या ‘द गॅलोज’मध्ये शाळेचा रंगमंच खरोखरच शोभेपुरता उरतो, आणि त्याच्यापुरता हा मजकूर बरोबर ठरतो.

राहिला आपल्या मातीचा प्रश्न. १९९३ मध्ये केरळमध्ये फाझिलचा ‘मणिचित्रताळु’ आला. त्यात नर्तकी नागवल्लीने झपाटल्यासारखी वागणारी गंगा बरी होते ती तिच्यासमोर रचलेल्या एका नाट्यप्रयोगाने: फळी फिरते, माणसाच्या जागी पुतळा येतो आणि तिचा सूड पुरा झाल्याचा भास घडवला जातो. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकत्र नांदणाऱ्या सोलापुरात ही कथा परकी कशी? इथल्या कन्नड घरांनी ती ‘आप्तमित्र’ म्हणून पाहिली, पूर्व भागातल्या तेलुगू घरांनी ‘चंद्रमुखी’ म्हणून, आणि उरलेल्यांनी ‘भूल भुलैया’ म्हणून. त्याच १९९३ मध्ये मराठीत महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. विनोदी वळणाचा असला तरी त्यातली भीती रंगमंचाचीच आहे: शब्दभ्रमकाराच्या आवाजावर चालणारा बाहुला स्वतःच्या इच्छेने बोलू लागला तर? तात्या विंचू साकारणारे दिलीप प्रभावळकर हेच रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीणही होते. बालनाट्यातली चेटकीण मुलांना घाबरवू शकते, मग भयपटातला रंगमंच मोठ्यांना का घाबरवू शकणार नाही?

नव्या मुलांना हे दाखवू नये, या आवाहनाला तर माझा ठाम विरोध आहे. सज्ञान नवोदितांना ‘डेलिरिया’तला तो प्रसंग तालमीच्या पहिल्याच आठवड्यात दाखवावा आणि लगेच चार गोष्टी ठरवून घ्याव्यात: खोटी सुरी प्रवेशाआधी कोण तपासणार, मुखवट्यातला नट कोण आहे याची खात्री विंगेत कोण करणार, अभिनय थांबवून खरी मदत मागायची झाल्यास कोणता शब्द उच्चारायचा, आणि नाट्यगृहाच्या मागच्या दाराची किल्ली कोणत्या दोघांकडे राहणार.