‘सोलापूरच्या उन्हात व्हिनियर टिकत नाही’ या दाव्याबद्दल

सोलापुरात ज्यांनी घराचे काम काढले आहे, त्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : व्हिनियर म्हणजे लाकडाच्या भावाने विकला जाणारा छापील कागद, आपल्याकडच्या उन्हाने त्याखालचा गोंद वितळतो, म्हणून गोंद सढळ हाताने लावावा, वर पॉलिशचा जाड थर द्यावा, आणि एकदा फुगा आला की सगळे उखडून सनमायका बसवावा. मी अनेक वर्षे व्हिनियर चिकटवण्याचे आणि पॉलिशचे काम करतो. हा संदेश वाचून लोक चांगली ठरलेली कामे रद्द करू लागले आहेत, म्हणून हे लिहिणे मला गरजेचे वाटते.

पहिला मुद्दा लगेच मिटणारा आहे. व्हिनियर म्हणजे साग, अक्रोड, ओक अशा झाडांच्या ओंडक्यातून धारदार पात्याने काढलेला, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा खऱ्या लाकडाचा पापुद्रा. छापील कागद असतो तो सनमायकात. पॉलिश न केलेल्या नमुन्यावर ओले बोट फिरवले की लाकूड पाणी पिऊन गडद होते; सनमायकावर पाणी तसेच राहते.

उन्हाचा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण त्यात निरीक्षण खरे आहे आणि कारण चुकीचे आहे. आपल्याकडे व्हिनियर एप्रिल-मे महिन्यांत तडकते, हे मी नाकारत नाही. पण ज्याला सगळे सरसकट फेव्हिकॉल म्हणतात, तो पांढरा गोंद मऊ करायला इस्त्रीइतकी उष्णता लागते; घरातल्या 42 अंशांनी तो वितळत नाही. पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन येणारे गडद रंगाचे दार नक्कीच बरेच जास्त तापते, आणि अशा ठिकाणी कारखान्यात युरिया फॉर्मल्डिहाइडने गरम दाबाखाली चिकटवलेला बोर्डच घ्यावा, कारण तो गोंद एकदा पक्का झाला की उष्णतेने पुन्हा मऊ होत नाही. बाकी घरात खरा प्रश्न हवेच्या कोरडेपणाचा आहे. हवेतली आर्द्रता 80 टक्के असते तेव्हा लाकडात सुमारे 16 टक्के ओलावा मुरतो. आर्द्रता 30 टक्क्यांवर उतरली की तो 6 टक्क्यांच्या आसपास येतो. या फरकाने लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडवे आकसते.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. एका श्रावणात 12 मिलिमीटरच्या एमडीएफवर (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेल्या बोर्डावर) कपाटाचे दार केले आणि घाईत सागाचे व्हिनियर फक्त दर्शनी बाजूला लावले. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत दार सरळ होते. एप्रिलमध्ये दर्शनी बाजूवर पट्टी आडवी धरली, तर मधोमध 5 मिलिमीटरची फट दिसली. समोरचे व्हिनियर आकसत होते आणि मागे त्याला तोलून धरायला काहीच नव्हते. तेव्हापासून मी मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचे, हलक्या प्रतीचे का होईना, व्हिनियर लावतो आणि व्हिनियरची पाने काम होणार त्याच खोलीत काही दिवस उघडी ठेवतो. इजिप्तमध्ये तुतनखामुनच्या थडग्यात सुमारे 3,300 वर्षांपूर्वीच्या, आबनूस आणि हस्तिदंताचे पातळ तुकडे चिकटवलेल्या पेट्या सापडल्या. मुलूख आपल्याहून तापट, पण थडग्यातली हवा फारशी बदलली नाही.

गोंद सढळ लावण्याचा सल्ला तर थेट नुकसान करणारा आहे. पांढऱ्या गोंदात बरेचसे पाणी असते. तो जास्त झाला की व्हिनियर ते पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते आणि जोड उघडतात. शिवाय गोंद छिद्रांतून वर येतो आणि तेवढ्या जागी रंग धरत नाही. चौरस मीटरला साधारण 150 ग्रॅम गोंद, तोही व्हिनियरवर नाही तर बोर्डावर, रोलरने सारखा पसरावा. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर आणि पंखा बंद करून करावे, नाहीतर पान ठेवण्याआधीच गोंदावर साय धरते. पकड येते ती दाबाने : वर प्लास्टिक, त्यावर सपाट जाड फळी, आणि शिकंजे मधून कडांकडे आवळत न्यायचे.

जाड पॉलिशबद्दल एवढेच, की कोणतेही पॉलिश ओलावा पूर्ण अडवत नाही, फक्त त्याची ये-जा मंदावते. म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना पातळ हात द्यावेत. मेलामाइन या पॉलिशचा थर जाड झाला तर तोच तडकतो. रबरी गोंदाने चिकटवलेल्या कामावर पहिलाच हात ओलाचिंब दिला, तर थिनर आत झिरपून पकड सोडवतो. पॉलिशआधी 180, 240 आणि 320 नंबरचा घासण्याचा कागद रेषांच्या दिशेनेच फिरवावा, आणि कडांवर फार बेताने, कारण मुळात अर्धा मिलिमीटरच हाताशी आहे.

राहिला फुगा. नखाने टकटक केल्यावर पोकळ आवाज येतो तिथे रेषेच्या दिशेने धारदार पात्याने बारीक चीर द्यावी, सिरिंजने थोडा गोंद आत सोडावा, वर आलेला ओल्या फडक्याने लगेच पुसावा, आणि प्लास्टिक व सपाट ठोकळा ठेवून रात्रभर वजन द्यावे. चीर रेषेतच असल्यामुळे पॉलिशनंतर ती मलाही शोधावी लागते.