ज्येष्ठ होताय? मग एवढं पाळा

साठी झाली ना? अभिनंदन! सोसायटीच्या गणपतीत यंदा आरतीचा मान तुम्हाला. वर्गणीचा हिशेब मात्र विचारायचा नाही. ज्येष्ठांना मान द्यायचा असतो आणि तो घेऊन त्यांनी गुमान खुर्चीवर बसायचं असतं.

प्रवासाचं आधी बघू. रेल्वेत पुरुषांना साठीनंतर 40 टक्के आणि बायकांना अठ्ठावन्नपासून 50 टक्के सवलत होती. मार्च 2020 मध्ये ती काढली, का तर कोरोनात तुम्ही उगाच घराबाहेर पडू नये. कोरोना गेला, रेल्वेला तुमची काळजी अजून आहेच. तेव्हा देवदर्शनाला एसटीनं जा. पासष्टीला अर्धं तिकीट, पंचाहत्तरीला फुकट. फुकटात असाल तर खिडकी तेवढी धरू नका. पैसे मोजलेला उभा आणि म्हातारा बसलेला, हे लोकांना बघवत नाही. मोबाईलमधून मान वर न काढता ते तसं ऐकवतातही.

डॉक्टरकडे मुलाला घेऊन जा. गुडघा तुमचा, पण डॉक्टर त्याला विचारणार, "काय होतंय यांना?" तो म्हणणार, "काही नाही, वयोमानानं." मध्ये तोंड घालू नका. दोघांचं चांगलं जमलेलं असतं.

घर मुलांच्या नावावर करताना बक्षीसपत्रात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असलं काही लिहू नका. मुलांना वाईट वाटतं. शिवाय ती अट असली आणि सांभाळ झाला नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. चारचौघांत शोभा नको. त्याच कायद्यानं मुलांकडून निर्वाहखर्चही मागता येतो, महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये. हा आकडाही 2007 चाच. तेव्हापासून डाळ महागली, औषधं महागली, आईबाप काही महागले नाहीत.

आता मुख्य काम, हयातीचा दाखला. नोव्हेंबर लागला की बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. (ईपीएस-95, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांची पेन्शन, ती घेणाऱ्यांना वर्षात केव्हाही जिवंत असता येतं. किमान पेन्शन हजार रुपये, 2014 पासून तेवढीच, म्हणून घाईही नसावी.) एका बँकेत एक आजी पाहिल्या. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. पदरानं पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग दुसरा हात. "जोरात दाबा ना आजी," क्लार्क म्हणाला, आणि शेवटी, "ठसेच उरले नाहीत हो तुमचे." मागची रांग चुकचुकली, आजींसाठी नव्हे, वेळ जातोय म्हणून. तुम्ही असं करू नका. जन्मभर राखेनं भांडी घासायची आणि पेन्शनच्या वेळी बोटं पुढे करायची, हे बरं नव्हे. कुणीतरी मोबाईलवर चेहरा दाखवायचा उपाय सुचवला. त्यात डोळे मिचकवायचे असतात. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजींनी भर बँकेत, चारदा, डोळे मिचकवले.

आणि ऐंशी ओलांडली असेल तर घाबरू नका. केंद्राच्या पेन्शनरांना त्या वयात 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. जिवंत असल्याचं सिद्ध करायला महिनाभर जास्त. ही सवलत अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही, तोवर घेऊन टाका.