चीड लावून राळ काढायची? आधी झाडाचा घेर मोजा

"पडीत वावरात एकरी 400 चीड लावा. पाचव्या वर्षापासून झाडामागे वर्षाला 10 किलो राळ. एकदा खाच मारली की राळ आपोआप गळते." हा संदेश सध्या विदर्भात मोबाइलवर फिरतो आहे आणि त्याखाली रोपांची आगाऊ नोंदणी चालू आहे. चीड म्हणजे हिमालयातलं पाइनचं झाड आणि राळ म्हणजे त्याच्या खोडातून गळणारा चिकट रस. कापूस-सोयाबीनने पिचलेला माणूस यापायी कर्ज काढून बसेल, म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

पाचव्या वर्षी राळ मिळत नाही. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर साधारण 90 सेंमी झाल्याशिवाय चिडाला खाच मारत नाहीत आणि तेवढा घेर यायला हिमालयातही तीन-चार दशकं लागतात. शिवाय हे झाड तिथल्या साधारण 450 ते 2300 मीटर उंचीवरच्या निचऱ्याच्या उतारांवरचं. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर पारा 45 च्या पुढे जातो.

झाडामागे 10 किलोही नाही. उत्तराखंड-हिमाचलात, जिथे या राळेला लिसा म्हणतात, चांगलं झाड हंगामाला तीन-चार किलो देतं. कारखान्यात 100 किलो लिशातून साधारण 70 किलो घन राळ आणि 15-20 किलो टर्पेंटाइन निघतं. बाकी पाणी, सालपटं, झाडाची सुईसारखी पानं.

सगळ्यात घातक दावा "आपोआप"चा. खोडाची खडबडीत साल खरवडून पट्टा गुळगुळीत करायचा, जस्ती पत्र्याची पन्हळ ठोकायची, तिच्याखाली भांडं अडकवायचं. मग मधल्या उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना 45 अंशांत बारीक चर काढायची. ती लाकडात जेमतेम 2 मिलिमीटर शिरली पाहिजे. चरीवर सौम्य गंधकाम्लाचं मिश्रण फवारायचं, नाहीतर राळेच्या नळ्यांची तोंडं लवकर बुजतात. तरी आठवड्याभरात धार मंदावते आणि पहिलीच्या वर नवी चर काढावी लागते. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत अशा तीसेक फेऱ्या होतात. आता हिशेब करा: 3 किलोला 30 फेऱ्या, म्हणजे एका फेरीत एका झाडाचे 100 ग्रॅम! मजुरी त्यातूनच निघायची. आणि याच आठ महिन्यांत आपली पेरणी, निंदण, सोयाबीनची काढणी.

हाव करून चर खोल नेली तर राळ फारशी वाढत नाही, पण लाकूड उघडं पडून कुजतं आणि वादळात खोड नेमकं तिथे मोडतं. वणवा आला की राळेने माखलेली जखम आधी पेटते.

"मग सालई लावा," असंही त्या संदेशात पुढे जोडलंय. सालई या रानझाडाचा डिंक खरा आहे, धुपाला आणि औषधाला जातो. पण तो मेळघाटासारख्या डोंगरातल्या वाढलेल्या झाडांचा, नव्या रोपांचा नव्हे. वनहक्क कायदा 2006 नुसार सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपल्या हद्दीतलं असं गौण वनउपज गोळा करून विकता येतं. तिथेही काम हिवाळा-उन्हाळ्यातलंच, कारण पावसात डिंक धुऊन जातो. खोडाभोवती पूर्ण कडं कधीच सोलायचं नाही. सालीतून खाली मुळांकडे जाणारं अन्न तुटतं आणि झाड वाळतं.

पैसा बुडतो तो बहुतेकदा डिंक झाडावरून काढल्यावर. ताजा सालई डिंक चिकट, अर्धवट पातळ असतो. तो त्याच दिवशी ओल्या वजनाने दिला की व्यापारी मातीचीही घट कापतो आणि सालपटाचीही. त्यापेक्षा बांबूच्या टोपलीत सावलीला महिनाभर ठेवावा, पातळ रस खालच्या भांड्यात निथळू द्यावा. मग उरलेला गोळा सुकवून, फोडून, सालपटं वेचून काढावीत आणि पिवळसर स्वच्छ खडे एका पोत्यात, काळपट चुरा दुसऱ्या पोत्यात भरावा. भाव दोन्ही पोत्यांचा वेगवेगळा ठरवून घ्यावा.