फ्लाय दिसते कशी, त्याआधी पाण्यात वागते कशी ते बघा: एका फिरत्या मजकुराला उत्तर

सोलापुरात गळ टाकणाऱ्या मंडळींच्या मोबाइलवर गेले काही महिने एक मजकूर फिरतोय. त्यात चार दावे आहेत. पहिला: फ्लाय बांधणारे उस्ताद किड्याची हुबेहूब नक्कल करतात, आणि नक्कल जितकी हुबेहूब तितके मासे जास्त. दुसरा: त्यासाठी दुर्मिळ परदेशी पिसं लागतात, हे सामान्य माणसाचं काम नाही. तिसरा: हा सगळा प्रकार थंड पाण्यातल्या ट्राउट माशासाठी आहे, उजनी धरणात त्याचा काही उपयोग नाही. चौथा: आता फ्लाय यंत्रावर तयार होतात, हातानं बांधायला शिकण्यात अर्थ नाही. हे वाचून इथली शिकू पाहणारी पोरं मागे फिरताना मी बघतो, म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतोय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: गळावर दोऱ्यानं पीस, केस, लोकर बांधून केलेलं आमिष म्हणजे फ्लाय. तिला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं, त्यामुळे ती फेकली जाते ती जाड दोरीच्या वजनावर.

आता हुबेहूबपणाचा दावा. त्याला इतिहासात आधार आहे, हे आधी मान्य करायला हवं. इंग्लंडमधल्या नितळ, संथ नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या फ्लायवर पुस्तक लिहिलं. पाण्यावर या घडीला जो किडा आहे, त्याचाच रंग आणि आकार फ्लायला हवा, असा त्यांचा आग्रह होता. तो अनेक वर्षं नियमासारखा पाळला गेला. पण त्याच नद्यांवर मासे धरणाऱ्या स्क्यूज या दुसऱ्या लेखकानं १९१० च्या पुस्तकात दाखवून दिलं की मासा बराचसा चारा पाण्याखालीच खातो, मग फक्त वर तरंगणाऱ्या फ्लायचाच हट्ट कशाला? वाद मोठा झाला, आणि त्यातूनच पुढचे उस्ताद वेगळा विचार करायला लागले.

त्यांच्यातला मला सर्वांत मोठा वाटणारा माणूस म्हणजे फ्रँक सॉयर. विल्टशरमधल्या एव्हन नदीचे ते राखणदार होते. नदीकाठीच आयुष्य गेलेलं. पाण्यातल्या किड्यांची पिल्लं पोहताना पाय अंगाला चिकटवून घेतात, हे त्यांनी पाहिलं आणि फ्लायला पाय लावलेच नाहीत. दोराही वापरला नाही. तांब्याच्या बारीक तारेनं फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चार तंतू गळावर गुंडाळले, संपलं. तारेनं तंतू जागेवर धरले, अंगाला तांबूस झाक आली आणि वजनही आलं, त्यामुळे फ्लाय चटकन खाली जाते. मग रॉडचं टोक हळूच उचललं की ती वर पोहत आल्यासारखी दिसते, आणि मासा नेमका तेव्हाच झडप घालतो. हातात घेऊन बघितली तर ही फ्लाय कुठल्याच किड्यासारखी दिसत नाही. तरी आज जगभरात जिथे जिथे ट्राउट आहे तिथे ती वापरतात.

अमेरिकेतले गॅरी लाफाँटेन तर पाणबुड्याचा पोशाख घालून नदीत उतरले. कॅडिस नावाचा किडा कोशातून बाहेर पडून वर येताना त्याच्या अंगाभोवती हवेचं आवरण चमकतं, हे त्यांनी खालून पाहिलं. ती चमक आणायला त्यांनी वापरला ॲन्ट्रॉन, म्हणजे गालिच्यांसाठी बनवलेला कृत्रिम धागा. किड्याचे डोळे, पाय, पंखांवरच्या रेषा यांच्या मागे ते लागले नाहीत. माशाच्या नजरेत आधी काय भरतं ते त्यांनी शोधलं आणि तेवढंच बांधलं. १९८१ च्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं सविस्तर आहे.

मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी १९२२ साली बांधलेली ॲडम्स ही करडी फ्लाय घ्या. ती एका कुठल्या किड्याची नक्कल नाहीच, पाण्यावर बसलेल्या अनेक किड्यांचा ढोबळ आकार तिच्यात येतो आणि तेवढं पुरतं. चोखंदळ मासा असेल तर आकारमान आणि बाह्यरेषा जुळवावी लागते, हे खरं आहे. पण ज्यांनी नवं काही रचलं त्या उस्तादांनी विचार केला तो या क्रमानं: फ्लाय कुठल्या खोलीवर राहणार, पाण्यात हलणार कशी, खालून तिची बाह्यरेषा कशी दिसणार, आणि मग रंग.

दुर्मिळ पिसांचा दावा मला जास्त खटकतो, कारण त्यातून नुकसान झालेलं आहे. एकोणिसाव्या शतकात सामन माशासाठीच्या फ्लायवर जगभरच्या पक्ष्यांची पिसं बांधायची पद्धत आली. नदीत चढून आलेला सामन जवळजवळ खातच नाही, त्यामुळे ती पिसं कशाची नक्कल होती असंही म्हणता येत नाही. ती शोभा होती. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची ठिपक्यांची पिसंही त्याच हौसेपायी परदेशात गेली. या पक्ष्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षण आहे. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली, तीही याच पिसांसाठी. त्यांतली काही निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेली होती. शास्त्राचं ते नुकसान भरून येणारं नाही.

मासे धरण्यासाठी यातलं काहीही लागत नाही. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या कोळ्यांची फ्लाय वर्णन केली आहे: गळाभोवती लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं. सॉयर यांची दुसरी गाजलेली फ्लाय, किलर बग, मोजे रफू करायच्या लोकरीची होती. तीच एक छटा लागायची, ४७७ क्रमांकाची, आणि ती बाजारातून गेल्यावर लोकांनी जुनी रिळं जपून ठेवली. म्हणजे आग्रह होता तो लोकर भिजल्यावर कशी दिसते याचा. आपल्या गावात तर सूत, रंगवलेला धागा आणि त्याची पारख असणारे हात गल्लोगल्ली आहेत. एवढं लक्षात ठेवा: चादरीचं सूत पाणी पितं आणि जड होतं, म्हणून बुडणाऱ्या फ्लायच्या अंगाला चालतं, तरंगणाऱ्या फ्लायला चालत नाही. बांधायला शिवणकामाचा बारीक पॉलिएस्टर दोरा घ्या. चिकनच्या दुकानात गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं सांगून ठेवली तर मिळतात. साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, नाहीतर किडे लागतात.

चौथा दावा लवकर आटपतो. बाजारात मिळणारी जवळजवळ प्रत्येक फ्लाय कुणीतरी हातानं बांधलेली असते. केनियात त्याचा मोठा व्यवसाय आहे. आणि बांधणं ही स्वतंत्र विद्या आहे. स्कॉटलंडच्या मेगन बॉइड यांच्या फ्लायना जगभरातून मागणी होती, १९७१ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं, आणि त्या स्वतः मासे धरत नसत. सगळं कसब दोऱ्याच्या ताणात असतं. सैल राहिला तर फ्लाय दोन फेकीत उसवते, जास्त ओढला तर तुटतो. आपल्याकडे मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना हा ताण बोटांना कळतो, त्यांना तो वेगळा शिकवावा लागणार नाही.

उरला उजनीचा दावा. ट्राउटचा मुद्दा इथेच निकालात निघतो, कारण गेल्या पन्नास वर्षांतल्या सर्वांत गाजलेल्या फ्लायपैकी एक ट्राउटसाठी बांधलेलीच नव्हती. बॉब क्लाउझर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीत स्मॉलमाउथ बास या माशासाठी ती १९८० च्या दशकात रचली. गळाच्या दांड्यावर डंबेलच्या आकाराचे शिशाचे डोळे आणि हरणाच्या शेपटीचे मोजके केस. डोळ्यांच्या वजनानं गळ उलटा होतो, टोक वर राहतं, तळाला अडकत नाही. ओढली की वर, थांबलं की तोंड खाली करून बुडते. आज गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले कितीतरी मासे तिच्यावर निघतात.

हाच विचार उजनीला लावून बघा. रोहू-कटल्यासाठी कणीकच बरी, तिथे मजकूर लिहिणाऱ्याशी माझा वाद नाही. पण मरळ शिकारी आहे. तो वनस्पतींच्या कडेला दबा धरतो आणि हवा घ्यायला वर येतो. म्हणून त्याची फ्लाय तरंगणारी हवी आणि गवतात न अडकणारी. जुन्या चपलेच्या फोमचं डोकं करा, मागे पिसांचे दोन पाय सोडा, आणि गळाच्या वळणापासून डोळ्यापर्यंत जाड तंगुसाची कमान बांधा, म्हणजे गवत सरकून जातं. आपले जुने लोक मरळीला गळावर जिवंत बेडूक लावतात, हा त्याच शिकारीला दिलेला दुसरा जबाब आहे. उजनीचं पाणी बरेचदा हिरवं, गढूळ असतं. तिथे माशाला बारकावे दिसत नाहीत, अंगावरच्या पार्श्वरेषेनं पाण्याचा धक्का मात्र कळतो. तेव्हा डोकं रुंद करा आणि रंग काळा ठेवा. चिलापीला उलट छोटी, बुडणारी फ्लाय लागते, सॉयर यांच्या पद्धतीची, आणि ओढायची अगदी सावकाश.

उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की काठ कुठल्या कुठे सरकतो आणि पावसाळ्यानंतर तेच शेत दोन पुरुष पाण्याखाली असतं. त्यामुळे एकच फ्लाय दोन वजनांत बांधून ठेवा, एक नुसत्या दोऱ्याची, एक तारेची.

पावसाळ्यात मात्र मरळीची जोडी पिल्लांच्या थव्याची राखण करते. पाण्यावर लालसर पिल्लं खळबळताना दिसतात, आणि त्या वेळी मरळ जवळ आलेल्या कुठल्याही गोष्टीवर तुटून पडते. तिथे फ्लाय टाकू नका. आईबाप काढले की काही मिनिटांत दुसरे मासे तो थवा खाऊन टाकतात.