मसुरीचा एक तरी दाणा हिरवा झाला का?

दहावी, विज्ञान भाग दोन, पहिलाच धडा: आनुवंशिकता व उत्क्रांती. जूनचा महिना, पुस्तकांना अजून छपाईचा वास, आणि पहिल्या दहा मिनिटांत तो प्रश्न येतोच. "मॅडम, माणूस माकडापासून झाला, तर आताची माकडं माणूस का नाही होत?" विचारणारा बहुधा शेवटच्या बाकावरचा असतो, आणि विचारून झालं की शेजाऱ्याला कोपर मारतो. एकवीस वर्षं शिकवतेय नाशकात. एक जून या प्रश्नावाचून गेला नाही.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री औरंगाबादला म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, डार्विन चूक आहे आणि अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून पत्रक काढलं. आम्ही स्टाफरूममध्ये चहा पीत पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी मला काय सुचलं कोण जाणे, वर्गात कोरे कागद वाटले. उत्क्रांती म्हणजे काय, चार ओळी लिहा, नाव घालू नका. रात्री घरी वाचायला बसले आणि हसू पार मावळलं. माझ्या पोरांच्या डोक्यातलं चित्र आणि मंत्रीमहोदयांच्या डोक्यातलं चित्र एकच होतं. मंत्री ते खोटं म्हणत होते, पोरं ते खरं म्हणत होती, एवढाच फरक. चित्र म्हणजे ते रांगेतलं: डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा ताठ, अजून ताठ, उजवीकडे भाला घेतलेला माणूस. गाइडवर तेच, टी-शर्टवरही तेच. आणि ते त्यांना शिकवलं कुणी? मीच की.

तेव्हापासून माझं मत बनत गेलंय. उत्क्रांती गळी उतरत नाही याचा दोष आपण लगेच देवाधर्मावर ढकलतो. माझा अनुभव तसा नाही. अडतं ते भाषेत, आणि आम्हा शिकवणाऱ्यांच्या क्रियापदांत.

'उत्क्रांती' या शब्दापासूनच घ्या. 'उत्' म्हणजे वर. आणि 'क्रांती' म्हटलं की पोरांना १८५७ आठवतं. संस्कृतच्या मॅडम सांगतात की मूळ धातू पाऊल टाकण्याचा आहे, असेल. पोरांच्या कानाला मात्र ऐकू येतं 'वर चढणं' आणि 'झटक्यात होणं', म्हणजे एकाच शब्दात दोन गैरसमज. या गोष्टीला वरची दिशा नाही. पट्टकृमी बघा, आतड्यात आयतं मिळतं म्हणून पचनसंस्थाच उरली नाही त्याला, आणि मजेत आहे तो. डार्विनच्या १८५९ च्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्द कुठेही नाही, अगदी शेवटचा शब्द तेवढा 'इव्हॉल्व्ड' आहे. तो जे म्हणायचा त्याचं मराठी मी वर्गात 'बदलत बदलत चालत आलेला वंश' असं करते. परीक्षेत चालत नाही, डोक्यात बसतं.

(एका बाबतीत मात्र मराठीनं बाजी मारलीय. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं "थिअरीच आहे ना फक्त" म्हणतात, म्हणजे कुणाची तरी अटकळ. आपल्याकडे 'सिद्धांत' म्हणतात. शब्दातच सिद्ध आहे.)

माकडाच्या प्रश्नाला आता मी उत्तर देत नाही, वंशावळ काढायला लावते. त्र्यंबकच्या उपाध्यायांकडच्या वह्या बऱ्याच घरांना माहीत असतात. बाहेरगावची माणसं येतात आणि चार पिढ्यांपूर्वीच्या पणजोबाचं नाव निघतं. तसं स्वतःचं काढा म्हणते. आजी-आजोबांना विचारून पोरं मोठा पसारा करून आणतात. मग फळ्यावर एकाचा घेते. हा सिन्नरचा चुलतभाऊ, हा तू. तू त्याच्यापासून झालास? नाही. तो तुझ्यापासून? नाही. मग नातं काय? "आजोबा एक, मॅडम." मग तुझा चुलतभाऊ अजून तू का नाही झाला? वर्ग हसतो, आणि शेवटच्या बाकावरचा कोपर मारणारा एकदम गप्प होतो. चिंपांझी आणि आपण, आपले सामाईक पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेले. ते आजचे चिंपांझी नव्हते, आजचे आपणही नव्हतो. आणि त्र्यंबकच्या रस्त्यावर हातातला प्रसाद पळवणारं काळतोंडं वानर तर त्याहून लांबच्या भाऊबंदकीतलं. चिंपांझीला शेपूट नाही, आपल्यालाही नाही. पाठीच्या कण्याचं टोक तेवढं राहिलंय, त्याला आपल्या आज्ज्या-पणज्यांनी नाव ठेवलंय माकडहाड! डार्विन न वाचता. अवशेषांग (पूर्वजांकडून उरलेला अवयव) म्हणजे बिनकामाचं, हेही पोरं पाठ करून आलेली असतात. बाकावर बसताना आधार देणारे स्नायू त्याच हाडाला जोडलेले आहेत. जुनं काम गेलं, किरकोळ कामं राहिली. निवृत्त माणसासारखं.

हे सगळं तसं सोपं. खरं अवघड आहे ते जिराफाचं. पुस्तकात लॅमार्क (गरजेपोटी, वापरानं अवयव बदलतात म्हणणारा) चूक आणि डार्विन बरोबर असं स्पष्ट दिलंय, पोरं पाच मार्कांना बिनचूक लिहितात. आणि तोंडी विचारलं की सगळी लॅमार्ककडे जातात. "उंच पानं खायची होती म्हणून मान लांब झाली." "थंडी होती म्हणून केस आले." गरज पडली, बदल झाला. "परिस्थितीशी जुळवून घेतलं" हे वाक्य आमच्याच तोंडी सतत असतं, जसं काही जिराफ सासरी नांदायला गेलाय.

यावर एक खेळ सापडला. पावसाळ्यात शाळेच्या मैदानावर गवत येतं. त्यात शंभर हिरवे मूग आणि शंभर दाणे मसूर डाळ पसरायची. पोरं म्हणजे पाखरं, वीस सेकंद, दिसेल ते टिपायचं. उरलेले दाणे मोजायचे, आणि प्रत्येक उरलेल्या दाण्याला त्याच रंगाचं एक पिल्लू द्यायचं. (डाळ उगवत नाही मॅडम, असं एक शहाणं निघतंच. माहितेय मला. टीप मुकाट्यानं.) तिसऱ्या फेरीला मैदानावर मूगच मूग, केशरी दाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग मी विचारते, "मसुरीचा एक तरी दाणा हिरवा झाला का?"

शांतता.

"नाही मॅडम."

"मुगानं काही प्रयत्न केला?"

"नाही."

"मग बदललं काय?"

इथे मी घड्याळाकडे बघत नाही. मधली सुट्टी झाली तरी चालेल. कुणीतरी हळूच म्हणतं, "दाणा नाही बदलला, घोळका बदलला." झालं. हेच हवं होतं. दाणे वेगवेगळे मुळातच होते, तो फरक आपसूक, कुणाला विचारून येत नाही. पण कोण उरणार हे काही नशिबावर नव्हतं, गवताच्या रंगावर होतं. त्यामुळे "सगळं म्हणे योगायोगानं झालं" हाही गैरसमज त्याच मैदानावर निकालात निघतो.

एका वर्षी दिंडोरीकडची एक मुलगी तिथेच उभी राहून म्हणाली, "मॅडम, म्हणजे आमच्या बागेतल्या डाऊनीसारखं?"

नाशिकबाहेरच्यांसाठी: डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा केवडा, बुरशीसारख्या जीवामुळे होणारा रोग (बोलताना आपण बुरशीच म्हणतो). ऑक्टोबर छाटणीनंतरही पाऊस रेंगाळला की शेतकऱ्याची झोप उडवणारा. तिच्या घरी रोज ऐकू येणारं वाक्य होतं, "औषधाची सवय झाली त्याला, लागू पडत नाही आता." आपण सगळेच असं बोलतो. डास धुराला सरावले, जंतू गोळ्यांना सरावले. पण सवय व्हायला तोच जीव टिकून राहायला लागतो. इथे जे औषधाला बळी पडले ते तर मेले. स्ट्रोबिल्युरिन गटातली बुरशीनाशकं आली तेव्हा जगभरच्या द्राक्षपट्ट्यांत हेच झालं. बुरशीच्या एका जनुकात एका अक्षराचा फरक असला की ते औषध तिच्यावर चालत नाही. असे मोजके जीव कुठेतरी होतेच. बाकीचे फवारणीत संपले, शिवार यांना मोकळं मिळालं. म्हणून तर गट बदलून फवारा, सारखं एकच औषध मारू नका, असं सांगतात. तो सल्ला म्हणजे नैसर्गिक निवडीवरचा अख्खा धडाच आहे, पण तसं कुणी म्हणत नाही.

म्हणून मला २०२३ च्या बातमीचं फार वाईट वाटलं. एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं. बारावीत आहे म्हणे. आहे, पण जीवशास्त्र घेणाऱ्यांना. डॉक्टर होणाऱ्याला कुठे ना कुठे भेटेलच हो उत्क्रांती. दहावीनंतर आयटीआयला जाणारा, कॉमर्स घेणारा, घरची बाग सांभाळणारा, त्यांना दहावी हीच शेवटची संधी. आणि बुरशीशी गाठ नेमकी त्यांचीच आहे. आमच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात धडा आहे, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे, एरवी त्या पुस्तकाशी माझी कितीही भांडणं असोत.

त्यातलं एक भांडण 'सक्षम तोच टिकेल' या वाक्याशी. पोरं त्याचं भाषांतर करतात: बळी तो कान पिळी. मग वर्गातला दांडगट स्वतःला डार्विनचा लाडका समजायला लागतो. मुळात ते शब्द डार्विनचे नाहीत, हर्बर्ट स्पेन्सरनं १८६४ मध्ये वापरले, डार्विननं नंतर उचलले. सक्षम म्हणजे दांडगा नव्हे, त्या जागी त्या वेळी ज्याची पोरंबाळं जास्त मागे राहतात तो. मी सीडलेस द्राक्षाचा घड टेबलावर ठेवते. बी नाही, म्हणजे रानात याचा निर्वंश ठरलेला. आणि आज निफाड-दिंडोरीत मैलोगणती तोच! थॉम्पसन या बिनबियांच्या जातीच्या वेलीवर कधीतरी एखादी फांदी वेगळी निघते. सांगलीच्या तासगावकडे अशीच एक वेगळी निघालेली शेतकऱ्यानं हेरली, जपली, कलमं केली, ती तास-ए-गणेश. फरक आपोआप आला, निवड माणसानं केली. डार्विननंही सुरुवात इथूनच केली होती, कबुतरं पाळणाऱ्यांपासून. आम्ही मात्र गालापागोस बेटांवरच्या पाखरांपासून करतो, जी माझ्या पोरांनी सात जन्मांत पाहिलेली नाहीत. त्यापेक्षा जवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर न्या, मारुतीचा जन्म जिथला मानतात तिथे. माथ्यावर एक कंदीलपुष्प आहे, त्याचं शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका. सह्याद्रीत या कुळातल्या कितीतरी जाती, कुणी या डोंगरावर तर कुणी त्या. उंच माथा म्हणजे मधे समुद्र नसलेलं बेटच.

अंजनेरी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मॅडम, मग मारुतीराया?" मी सांगते, मी वर जाते तेव्हा पायाही पडते आणि फुलंही बघते, माझी काही अडचण होत नाही. दशावताराचं मात्र मी सोडत नाही. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन, आमच्याकडे आधीच होतं, असं पालकसभेत एक गृहस्थ दरवर्षी उठून सांगतात. कथा म्हणून गोड आहे. पण कासव माशाच्या पोटी आलं असं ती कथाही म्हणत नाही. तीही पुन्हा एका रांगेत उभी. आणि मला तर पोरांच्या डोक्यातून ती रांगच काढायची आहे.

काळाचा अंदाज हा शेवटचा खड्डा. तिथे मी पुण्याचा रस्ता वापरते. एक किलोमीटर म्हणजे एक कोटी वर्षं, नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर आज उभे, मागे मागे जायचं. आपली माणसाची जात सुमारे तीस मीटर, स्टँडच्या आवारातच संपली. चिंपांझी आणि आपण वेगळे झालो ते सहा-सातशे मीटरवर. पांडवलेणी ज्या काळ्या कातळात खोदली त्याचा लाव्हा साडेसहा किलोमीटरवर, उपनगरच्या आसपास. सजीवांच्या सुरुवातीच्या खुणा सातारा आणि कराडच्या मधे कुठेतरी, आणि पृथ्वीचा जन्म कोल्हापूरच्याही पुढे. डार्विनचं पुस्तक? दीड-पावणेदोन सेंटिमीटर. पोरं बोटानं मापून बघतात.

तर ती दिंडोरीची मुलगी. आठवड्यानं तिचे वडील शाळेत आले, फी भरायला. म्हणाले, "मॅडम, काय शिकवलंत हिला? मी म्हटलं डाऊनीला औषधाची सवय झाली, तर म्हणते सवय नाही पप्पा, ही उरलेल्यांची पिलावळ आहे." मी खूश. मग ते खुर्ची ओढून बसले. "ते पटलं मला. आता त्या पिलावळीवर मारू काय, तेवढं सांगा."

ते मला कुठे येतंय! कृषी सहायकांचा नंबर दिला.