कैगा कुणाच्या बापाचं?

१ नोव्हेंबर आला की आमच्या बेळगावच्या शाळेच्या ग्रुपवर दोन मिरवणुका निघतात. निम्मे काळ्या फिती लावून, निम्मे लाल-पिवळा झेंडा घेऊन. यंदा मात्र गाडी कैगाच्या अणुवीज केंद्रावर घसरली. एकाने लिहिलं, 'बेळगाव, कारवार, निपाणी' या घोषणेत कारवार आहे, कैगा कारवार तालुक्यात, म्हणजे वीज आपली. कानडी मित्राने त्याला कर्नाटकाचा नकाशा पाठवला. मग शहापूरच्या तिसऱ्याने समेट घडवला: "भांडू नका मर्दांनो. भारताची अणुशक्ती शंभर टक्के स्वदेशी. आपण कुणापुढं हात पसरला नाही." दुकानाच्या पाटीवरून ज्यांचं कधी पटलं नाही ते दोघेही खूश! माझं डोकं फिरलं ते इथं.

मी राहतो कॅनडात, टोरंटोजवळच्या बोमनव्हिलला, डार्लिंग्टनच्या अणुवीज केंद्राच्या कुंपणाला लागून म्हटलं तरी चालेल. किरणोत्सर्ग झालाच तर घ्यायच्या आयोडाइडच्या गोळ्या औषधांच्या खणात क्रोसिनशेजारी पडून असतात. कैगाच्या अणुभट्ट्या आणि इथल्या भट्ट्या एकाच कुळातल्या: इंधन नैसर्गिक युरेनियम, आणि भट्टी चालती ठेवायला जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनचं पाणी.

हात पसरला नाही म्हणे! पसरला की, आणि ताठ मानेनं पसरला. मुंबईच्या ट्रॉम्बेची पहिली संशोधन अणुभट्टी 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. बांधणी आपली, पण इंधन ब्रिटनचं. १९६० साली तिथंच दुसरी भट्टी 'सायरस' आली. ती कोलंबो योजनेखाली कॅनडाने दिलेली, चॉक रिव्हर या तिथल्या अणुसंशोधन केंद्रातल्या एनआरएक्स भट्टीच्या धर्तीवरची, आणि तिच्यातलं जड पाणी अमेरिकेचं. होमी भाभा आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ डब्ल्यू. बी. लुईस यांची ओळख केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेपासूनची. लुईस पुढे चॉक रिव्हरचे कर्तेधर्ते झाले. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनीव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावर पहिली मोठी परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभाच. महायुद्धापासून कुलुपात ठेवलेली माहिती बड्या देशांनी तिथं सगळ्यांसमोर उघड केली. सगळीच नव्हे, पण बरीच.

आणि हे काय फक्त आपल्यासारख्या गरिबांचं होतं? नॉर्वेकडे जड पाणी होतं, युरेनियम नव्हतं. डचांकडे युरेनियम होतं, जर्मनांच्या नाकाखाली डेल्फ्टमध्ये लपवून ठेवलेलं. दोघांनी मिळून १९५१ साली ओस्लोजवळ भट्टी चालू केली. ती कुणाच्या तालुक्यात, यावरून तिथं बंद पुकारल्याचं काही माझ्या ऐकिवात नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "लई शाणा झालास. पक्का कॅनडावाला."

आता इकडचं ऐका. टिम्स या इथल्या कॉफीच्या दुकानात एक निवृत्त कॅनेडियन इंजिनियर भेटतो. 'सायरस'मधलं प्लुटोनियम वापरून तुम्ही १९७४ ला पोखरणला स्फोट केलात, हे तो मला अजून ऐकवतो, जणू बटण मीच दाबलं. मग मीही तावातावाने सांगतो की तुम्ही पाठ फिरवलीत, राजस्थानची दुसरी भट्टी अर्ध्यावर टाकलीत, ती आमच्या लोकांनी पुरी केली. "आणि शांततेसाठीच वापरू या वचनाचं काय?" असं त्याने विचारलं की मी 'शांततामय स्फोट' म्हणून बघतो, पण ते माझंच मला पटत नाही. त्याच्यासमोर मी ट्रॉम्बेचा वकील, ग्रुपवर चॉक रिव्हरचा. स्वदेशीवाल्याला जे शिकवतो, तेच हा बोलला की मला सहन होत नाही.

टोरंटोच्या गणेशोत्सवात माझं बोलणं ऐकून पुण्याच्या काकू विचारतात, "तुम्ही कर्नाटकातले का हो?" कन्नड मंडळी बेळगावचं नाव ऐकून जरा जपूनच बोलतात. पासपोर्ट तर आता महाराष्ट्र-कर्नाटक सोडाच, भारताचाही नाही.

कैगाचा पहिला संच सलग ९६२ दिवस चालला आणि २०१८ च्या अखेरीस जागतिक विक्रम करूनच थांबला. मी ऑफिसात पेढे वाटले होते. पुढे डार्लिंग्टनच्या पहिल्या संचाने १,१०६ दिवस करून तो मोडला. याच विजेवर माझा चहा होतो, पोरांच्या शाळेत दिवे लागतात, तरी मला चक्क वाईट वाटलं. झूमवर सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा मी माइक चालू करून सांगितलं की आधीचा विक्रम आमचा होता. "आमचा म्हणजे कुठला?" मॅनेजरने विचारलं.

"कारवारचा," म्हणालो. राज्य सांगायचं टाळलं.