स्टेजला चाके फुटली, त्याची गोष्ट

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्त्यांचा डाव मांडण्याची जुनी रीत आहे. एरवी लॉटरीच्या दुकानाकडे मान वळवूनही न पाहणारे गृहस्थ त्या दिवशी लिंबाखाली सतरंजी टाकून बसतात आणि दिवेलागणीला बायकोची नजर चुकवत घरात शिरतात. २०२३ च्या आखाजीला आमच्या ऑर्केस्ट्रातल्या आम्हा पाच जणांनी मात्र पत्त्यांना हात लावला नाही. आम्ही त्या मुहूर्तावर ८ लाख ४० हजार रुपयांचे, ट्रेलरवरचे फिरते स्टेज घरी आणले. प्रत्येकी ४८ हजार रुपये आम्ही घातले, उरलेले सहा लाख बँकेने, आणि महिन्याचा १३ हजारांचा हप्ता आमच्या कपाळी लिहिला गेला.

एवढा मोठा डाव टाकण्याचे कारण समजण्यासाठी वाचकांनी एकदा तरी मंडपवाल्याच्या स्टेजवर उभे राहायला हवे. आमचा ऑर्केस्ट्रा अमळनेरचा. हळदीचे कार्यक्रम, गणेशोत्सव आणि गावोगावच्या यात्रा यांवर आमची उपजीविका चालते. या सर्व ठिकाणी स्टेज म्हणून जे काही मिळते, ते म्हणजे डांबराचे आठ-दहा रिकामे पिंप, त्यांवर टाकलेल्या मंडपाच्या फळ्या आणि या सर्व उणिवा झाकणारा एक लाल गालिचा. गालिच्याखाली कोणती फळी कोठे संपते, हे फक्त त्या फळीलाच ठाऊक असते. आमच्या गायिका ताईंच्या चपलेची टाच एकदा अशा दोन फळ्यांच्या मधोमध अडकली, तेव्हा त्यांनी तीच लावणी एका जागी उभे राहून, केवळ कमरेच्या वरच्या भागाने पूर्ण केली, आणि पाटील मंडळींनी ‘काय अदा आहे!’ म्हणून पुन्हा फर्माईश केली. ढोलकीवाले आप्पा रंगात आले की सगळे स्टेज ठेका धरत असे. मग माझा कीबोर्ड स्टँडसकट तसूतसूने पुढे सरकत जाई आणि कार्यक्रमाच्या शेवटी मी पहिल्या रांगेतल्या व्याह्यांच्या इतका जवळ पोहोचलेला असे की, त्यांनी मला विडा द्यावा.

तेव्हा फिरत्या स्टेजची कल्पना आमच्या निवेदक सरांनी मांडली. सर एका शाळेत इतिहास शिकवतात, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीला दाखला लागतो. विप्रो ही कंपनी १९४५ मध्ये आपल्याच अमळनेरात वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून सुरू झाली, हे त्यांनी आम्हाला त्या महिन्यात इतक्या वेळा सांगितले की, आपण ट्रेलर घेतला नाही तर गावाच्या इतिहासाशी बेइमानी होईल, असे आप्पांनादेखील वाटू लागले. तेल विकता विकता संगणकापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागली, हे विचारण्याचे भान त्या वेळी कोणालाच राहिले नाही.

ट्रेलर ज्या कारखान्यात तयार झाला, तेथील मालकाने आम्हाला तो उघडून दाखवला, तो क्षण मी विसरणार नाही. बंद असताना तो वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद असा एक निमूट लोखंडी पेटारा होता. रस्त्यावरून जायचे तर वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत राहावी लागते, म्हणून हे आठ फूट. मग त्याने हातपंप मारला, एका बाजूची भिंत सावकाश खाली येऊन जमीन झाली, दुसऱ्या बाजूची वर जाऊन छत झाले आणि पेटाऱ्याचे सोळा फूट खोलीचे रंगमंदिर झाले. ‘दहा मिनिटे,’ मालक म्हणाला. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते आनंदाचे होते, असे आम्ही तेव्हा समजलो.

पहिली अडचण नोंदणीची. ट्रेलरला इंजिन नसते, भोंगा नसतो, स्वतःच्या बळावर तो वीतभरही हलत नाही, तरी त्याला स्वतःचा वेगळा क्रमांक घ्यावा लागतो. (आमच्या भाऊबंदांतही असे काही जण आहेत, पण तो विषय येथे नको.) अर्जात मालाचे स्वरूप लिहायचे होते. सरांनी मोत्यासारख्या अक्षरात ‘कला’ असे लिहिले. खिडकीतल्या लेखनिकाने चष्म्यावरून आम्हा पाचही जणांना नीट न्याहाळले, तो शब्द खोडला आणि त्यावर ‘लोखंडी सामान’ असे लिहून शिक्का मारला.

दुसरी अडचण म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर. तो आमच्यातल्याच नानांचा आणि चालवणारेही नानाच. अमळनेरहून धुळ्याला मोटारीने तासाभरात पोहोचणारे आम्ही आता दोन तास आधी निघू लागलो. पुढे जाण्यात तरी एक प्रकारची शोभा होती, मागे येणे मात्र वेगळेच शास्त्र ठरले. ट्रेलर मागे घेताना त्याला उजवीकडे न्यायचे असेल तर ट्रॅक्टर आधी डावीकडे वळवावा लागतो. हे नानांना उत्तम कळत होते, पण गल्लीत जमलेल्या साठ माणसांना कळत नव्हते, आणि ती साठही माणसे एकाच वेळी हात करून ‘इकडे, इकडे’ असे ओरडत असत. वरून विजेच्या तारा लोंबत असल्या तर छत उघडण्यापूर्वी मला बांबू घेऊन अंतर मोजावे लागे. कीबोर्डच्या आठ वर्षांच्या रियाजात हे कोणी शिकवले नव्हते.

तथापि, आमची खरी परीक्षा घेतली ती काळ्या मातीने. तापीकाठची ही माती कपाशीला आईसारखी आणि जॅकला सावत्र आईसारखी वागते. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस झाला की, तीच फुगून लोण्यासारखी मऊ होते. ट्रेलरचे चार कोपरे चार जॅकवर तोलायचे, मधोमध पाणसळ ठेवायची आणि तिच्यातला बुडबुडा मध्यावर आला की काम झाले, असे कारखानदाराने शिकवले होते. त्याच्या अंगणात फरशी होती, हे आमच्या उशिरा लक्षात आले. पारोळा तालुक्यातल्या पहिल्याच हळदीला आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता. एक जॅक वर करावा तो दुसरा खाली जावा, असे पाच जण चार कोपऱ्यांना तासभर झुंजलो. शेवटी आप्पांनी रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे जॅकखाली घातले, तेव्हा कोठे बुडबुडा जागेवर आला. तेव्हापासून आम्ही गावात उतरलो की, वाद्यांच्या आधी स्लीपर उतरवतो.

तोपर्यंत भोवती सगळे गाव जमले होते. ‘हाई काय शे हो भाऊ?’ एका आजोबांनी विचारले. स्टेज आहे, असे सांगताच ते म्हणाले, ‘मंग उघाडी दखाडा ना!’ आम्ही उघडले. टाळ्यांचा असा कडकडाट आमच्या कोणत्याही गाण्याला आजवर मिळालेला नाही. कार्यक्रम सुरू झाल्यावर ताईंनी दोन गाणी म्हटली, तेव्हा त्याच आजोबांनी पुढे येऊन, आता गाणे राहू द्या, एकदा परत बंद करून दाखवा, अशी फर्माईश केली.

आणि मग मानपान. खाली चिखल आणि वर एवढे मोठे, कोरडे, झगमगते स्टेज पाहिल्यावर टोपी-टॉवेलचा कार्यक्रम तेथेच होणार, हे वऱ्हाडात कोणीतरी परस्पर ठरवून टाकले. व्याही, मामा, मावसे, आजी-माजी सरपंच, सोसायटीचे संचालक अशी नावे पुकारली जाऊ लागली. वर गेलेला माणूस खाली उतरत नव्हता. कारखानदाराने स्टेजची ताकद अडीच टन सांगितली होती, पण ते वजन सगळीकडे सारखे पसरलेले हवे, असेही बजावले होते. चाळीस सोयरे फोटोसाठी एकाच कडेला दाटीने उभे राहिले, तेव्हा मी जॅकपाशी गुडघ्यांवर बसून पाणसळीकडे पाहत होतो आणि माझ्या तोंडून आपोआप रामरक्षा सुरू झाली होती. मानपान साडेनऊला संपले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, तेव्हा पाचोऱ्याहून खास बोलावलेल्या पाहुण्यांना आम्ही एकूण सहा गाणी ऐकवली, आणि त्यांतले शेवटचे घाईने अर्ध्यावर आणून सोडले.

पुढे पावसाळा आला. २०२३ हे अधिक श्रावणाचे वर्ष असल्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. लग्ने थांबली, बँकेच्या पंचांगात मात्र चातुर्मास नसतो, त्यामुळे पाच हप्त्यांचे ६५ हजार रुपये गेले आणि गणेशोत्सवाच्या मिळकतीने त्यातले निम्मेही भरून आले नाहीत. कानबाईच्या जागरणाचे बोलावणे आले, पण ती गल्ली ट्रेलरपेक्षा अरुंद निघाली. आम्ही ओट्यावर सतरंजी टाकून, पेटी आणि ढोलकीवर पहाटेपर्यंत गायलो. त्या रात्री कोणाचा कीबोर्ड सरकला नाही, कोणी पाणसळ पाहिली नाही, आणि हे सत्य आम्ही पाचही जणांनी एकमेकांपासून लपवून ठेवले.

ट्रेलरचा निर्मळ लाभ झाला तो फक्त आमच्या घरच्या मंडळींना. दुसऱ्या उन्हाळ्यात तो नानांच्या खळ्यात उभा असताना वहिनींनी तीनशे वीस चौरस फुटांचा तो स्वच्छ फलाट पाहिला आणि अख्ख्या आळीच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, त्यावर वाळत घातल्या. पुढच्या कार्यक्रमात बिजागरी करकरू लागली, म्हणून सरांनी बोट घालून पाहिले, तर आतून ज्वारीच्या बिबडीचा तुकडा निघाला. सरांनी तो खाल्ला. तीळ छान खरपूस होते, असे ते म्हणाले.

त्याच हंगामात एक फोन आला. तारीख मोकळी आहे का, भाडे किती, छताला दिवे आहेत का, अशी विचारपूस झाल्यावर मी नम्रपणे विचारले की, गाणी जुनी हवीत की अहिराणी? ‘नाही, नाही, गाण्यांना डीजे ठरला आहे,’ पलीकडचे गृहस्थ म्हणाले. ‘आम्हाला फक्त स्टेज पाहिजे.’ त्या रात्री आमची बैठक झाली. ताईंनी ठाम नकार दिला, आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग नानांनी हप्त्याची तारीख सांगितली.

आम्ही गेलो. सवयीने चमकीचे कोट घालूनच गेलो. तीन जण चार जॅकला, मी पाणसळीला, आणि ताई, ‘मी केवळ देखरेखीला आले आहे,’ असे सांगत स्लीपर उचलून देत होत्या. डीजे वाजू लागला तेव्हा आप्पांची बोटे जॅकच्या दांड्यावर त्या ठेक्याची चूक दुरुस्त करत होती. मानपान सुरू झाले, आणि व्याह्यांच्या, सरपंचांच्या पाठोपाठ ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला की, स्टेजच्या मालकांनी कृपया वर यावे. एकोणीस वर्षे आम्ही या जिल्ह्यात गात आलो, पण टोपी-टॉवेलासाठी आमचे नाव आजवर कोणी पुकारले नव्हते. आम्ही पाचही जण वर गेलो. टोपी माझ्या डोक्याला लहान होत होती, ती मी हाताने दाबून धरली आणि फोटोसाठी सगळ्यांबरोबर कडेला सरकलो, तेव्हा पायाखाली स्टेज किंचित कलल्यासारखे वाटले. मी टोपीसकट खाली उडी मारली आणि पाणसळीपाशी जाऊन बसलो.